सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या : पाणी मोजून वाटणारा अभियंता

काशीतल्या मराठी माणसाला आपल्या पूर्वसूरींची आठवण करून द्यावी लागत नाही. घाटाघाटावर ती कोरलेलीच आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा घाट, शिंदे सरकारांचा घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडची जुनी मराठी घरे, सारे आपल्या रोजच्या वाटेवर आहे. त्यांच्याविषयी लिहिले जाते, बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. या वेळी मात्र एका वेगळ्या व्यक्तीचे स्मरण करण्याचा विचार आहे. ही व्यक्ती जन्माने मराठी नव्हती, पण तिचे शिक्षण पुण्यात झाले, उमेदीची जवळजवळ पंचवीस वर्षे मुंबई इलाख्यात गेली आणि तिच्या कामाची पहिली खूण खानदेशातल्या पांझरा नदीत उमटली. ती व्यक्ती म्हणजे भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

त्यांचा जन्मदिवस १५ सप्टेंबर. हा दिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. आपला भाद्रपदातला गणेशोत्सव आणि हा दिवस बहुतेक वर्षी मागेपुढे येतात, कधी कधी तर एकाच आठवड्यात. आपल्यातले कित्येक जण नोकरीनिमित्त रेल्वे इंजिन कारखान्यात, विश्वविद्यालयात, बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत काम करतात. त्यांत अभियंते पुष्कळ आहेत. त्यांना हे नाव नवे नाही. परंतु विश्वेश्वरय्या म्हटले की धरण आणि आपोआप उघडणारी दारे एवढेच बहुधा आठवते. धरणात साठलेले पाणी शेतापर्यंत कसे जावे, कोणाला किती मिळावे आणि कोणत्या पिकाला द्यावे, हा प्रश्न त्यांनी किती नेटाने हाती घेतला, ते तितकेसे सांगितले जात नाही. या लेखाचा भर त्यावर आहे.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळचे मुद्देनहळ्ळी हे त्यांचे गाव. वडील संस्कृतचे जाणकार, घरची परिस्थिती बेताची. मुलगा शाळेत असतानाच वडील वारले. पुढे बंगळुरास मामांच्या आधाराने आणि शिकवण्या करून त्यांनी सेंट्रल कॉलेजातून पदवी मिळवली. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकायला आले. १८८३ साली ते परीक्षेत पहिले आले. त्या काळच्या प्रथेप्रमाणे अशा विद्यार्थ्याला मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात थेट नेमणूक मिळत असे. १८८४ साली ते सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्या माणसांचा परिचय घडला. शिक्षण, उद्योग आणि हिशेबी कारभार यांतूनच देश वर येईल, हा त्या पिढीचा विचार त्यांच्यात कायमचा रुजला.

पांझरेचे पाणी

पहिली नेमणूक नाशिक आणि खानदेशाकडची. धुळ्याच्या बाजूला दातर्ती गावाजवळ पांझरा नदीच्या पात्रातून नळाची वक्रनलिका टाकून पाटाचे पाणी पलीकडे न्यायचे, हे सुरुवातीच्या कामांपैकी एक. पावसाळा तोंडावर होता. पूर आला की खोदलेला चर वाळूने भरून जाई. काम पावसाळ्यानंतर करावे अशी त्यांनी वरिष्ठांकडे विनंती केली, ती वरिष्ठांना रुचली नाही. मग या तरुण अभियंत्याने कसोशीने तेच काम पुरे करून दाखवले. नदी आपल्या सोयीने चालत नाही आणि वरिष्ठही चालत नाहीत, हे दोन्ही धडे त्यांना विशीतच मिळाले.

पांझरेचे खोरे हे सिंचनाच्या दृष्टीने साधेसुधे खोरे नव्हे. धुळे व नाशिक भागांत पांझरा, मोसम आणि त्यांच्या आसपासच्या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर दगडी बंधारा घालायचा, तिथून पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन किंवा चार मोठे भाग करायचे. हा एकेक भाग म्हणजे फड. एका फडात एका हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. यंदा या फडात ऊस असेल तर पुढे तिथे दुसरे पीक येणार आणि ऊस दुसऱ्या फडात जाणार. प्रत्येक शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असे, त्यामुळे उसाचा लाभ एकालाच आणि कोरडवाहूचा तोटा दुसऱ्यालाच, असे होत नसे. पाणी द्यायला शेतकरी स्वतः जात नसत. त्यासाठी गावाने नेमलेले पाटकरी, हवालदार, बारेकरी आणि जागल्ये असत. बारेकरी फडाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ओळीने वाफे भरत जाई. शेत पाटलाचे की गरिबाचे हे तो पाहत नसे. पाणी कमी पडले तर सर्वांनाच कमी पडे.

पुढे विश्वेश्वरय्यांनी सरकारी कालव्यासाठी जी योजना मांडली, तिचे या गावरान पद्धतीशी असलेले साम्य जाणकारांच्या नजरेस आलेले आहे. जमीन गटाने घेणे, पिकांची फेरपालट करणे आणि पाण्याचा ठरलेला वाटा देणे, ही तिन्ही सूत्रे दोन्हीकडे दिसतात.

सक्करहून पुण्याला

दरम्यान सिंधमध्ये सक्कर येथे सिंधू नदीचे गढूळ पाणी स्वच्छ करून शहराला पुरवण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि १८९५ च्या सुमारास ते पुरे झाले. सुरतेलाही त्यांनी काम केले. १८९९ साली ते पुणे पाटबंधारे विभागाचे कार्यकारी अभियंता झाले. मुठा कालवे आणि नीरा डावा कालवा हे त्यांच्या अखत्यारीत आले. वर्ष मोठे कठीण होते. १८९९-१९०० चा दुष्काळ महाराष्ट्र, गुजरात व राजस्थानच्या मोठ्या मुलुखात पडला होता. कालव्यावर पाण्यासाठी झुंबड उडाली होती.

येथे दख्खनच्या कालव्यांचे दुखणे समजून घेतले पाहिजे. आपण गंगेच्या मैदानात राहतो. येथे नदी बारमाही, जमीन सपाट आणि गाळाची. हरिद्वारहून निघणारा गंगा कालवा १८५४ साली सुरू झाला आणि त्याचे पाणी घ्यायला शेतकरी तयारच होता. दख्खनमध्ये तसे नव्हते. नीरा कालवा बांधला तो मुख्यतः दुष्काळात लोक जगावेत म्हणून. तो पुरंदर, बारामती, इंदापूर या कमी पावसाच्या तालुक्यांतून जातो. चांगला पाऊस झाला की ज्वारी-बाजरीवाला शेतकरी कालव्याकडे फिरकत नसे, कारण पाणीपट्टी कशाला भरायची? पाऊस गेला की सगळेच धावत येत आणि तेव्हा कालव्यात सगळ्यांपुरते पाणी नसे. मधल्या काळात कालव्यालगतचे, भांडवल असलेले थोडे शेतकरी ऊस लावत. उसाला बारा महिने पाणी लागते. त्यांची शेते विखुरलेली असत, एकेका शेतासाठी पाट मैलोगणती वाहत ठेवावा लागे आणि वाटेत पाणी जिरे. वरच्या अंगाला वाजवीपेक्षा जास्त पाणी दिल्याने जमिनी चिबडत आणि टेलच्या गावांना पाटाचा ओलावाही दिसत नसे. पाण्याचा अर्ज हंगामागणिक करायचा, तो मंजूर होईल की नाही याची शाश्वती नाही, आणि जिथे शाश्वती नसते तिथे खालच्या नोकरांचे हात ओले करण्याची वाट आपोआप मोकळी होते.

गटवारीची योजना

१९०१ साली सरकारने हिंदुस्थानातील सिंचनाची पाहणी करण्यासाठी एक आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रिफ यांनी तरुणपणी यमुना आणि गंगेच्या कालव्यांवर काम केले होते आणि पुढे इजिप्तमध्ये नाईलच्या पाण्याचा कारभार पाहिला होता. इजिप्तचा शेतकरी हजारो वर्षे नाईलकाठच्या जमिनीला बांध घालून प्रचंड वाफे करी, पुराचे पाणी त्यांत आठवडेच्या आठवडे कोंडून ठेवी आणि ते ओसरले की ओल्या गाळात पेरणी करी. पाणी सर्वांच्या जमिनीवर एकदम पसरत असल्याने पाणी कोणाचे, हा प्रश्न तिथे गावाने मिळूनच सोडवावा लागे. असा अनुभव असलेल्या माणसापुढे विश्वेश्वरय्यांची साक्ष झाली. दख्खनचे कालवे तोट्यात का जातात, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांनी एक योजना मांडली. तीच पुढे ब्लॉक पद्धत, म्हणजे गटवारी पद्धत म्हणून ओळखली गेली.

योजना सांगायला सोपी आहे. कालव्याचे पाणी थोड्या गावांत भरमसाट खर्च न करता शक्य तितक्या जास्त गावांत पोहोचवायचे. प्रत्येक गावात चांगल्या, निचरा होणाऱ्या जमिनीचा एक सलग गट निवडायचा. पाणी फक्त त्या गटाला द्यायचे, म्हणजे चाऱ्या आखूड होतात आणि गळती कमी होते. गटाच्या साधारण एक तृतीयांश भागात ऊस, उरलेल्यात हंगामी पिके. ऊस दरवर्षी गटातल्या गटात जागा बदलणार, म्हणजे जमिनीला विसावा मिळणार. आणि सर्वांत महत्त्वाचे, पाण्याची मंजुरी एका हंगामापुरती न देता एकदम काही वर्षांसाठी द्यायची. पाणी थोडे मिळेल, पण खात्रीने मिळेल. पाण्याची खात्री झाली की शेतकरी जमीन सपाट करील, खत घालील, बैल घेईल आणि सावकारही कर्ज देताना विचार करील. सरकारलाही दरसाल किती पाणीपट्टी येणार याचा अंदाज बांधता येईल.

सुरुवातीला शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि तो समजण्यासारखा होता. ज्याच्या शेताला बारमाही पाणी मिळत होते त्याला आता आपला वाटा दुसऱ्या गावाला जाणार असे दिसत होते. ज्याचे शेत गटाबाहेर राहणार होते त्याची तक्रार तर आणखी खरी होती. सरकारने आखून दिलेले पीक घ्यायचे हेही पुष्कळांना रुचत नव्हते. विश्वेश्वरय्यांनी हुकूम काढून हात झटकले नाहीत. लोकांशी बोलून, आकडे समोर ठेवून त्यांनी योजना पटवून दिली. हळूहळू नीरेच्या खोऱ्यात ती रुळली आणि दख्खनच्या इतर कालव्यांवरही गेली.

खडकवासल्याची दारे

याच काळात त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम झाले. मुठेवरच्या खडकवासला धरणाच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यात कित्येक फूट उंचीचे पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच पाणी पुणे शहराला व कालव्याला कमी पडे. सांडव्याची भिंत कायमची उंच केली असती तर पुरात जुन्या धरणालाच धोका होता. त्यांनी आपोआप चालणारी दारे तयार केली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत अडवले जाई, पातळी ओलांडली की पाण्याच्याच जोरावर आणि वजनांच्या तोलावर दारे उघडत आणि पूर ओसरला की मिटत. १९०३ साली ती बसवली. धरणात सुमारे आठ फूट पाणी जास्त राहू लागले. या रचनेचे त्यांनी पेटंट घेतले, पण सरकारी नोकरीत केलेल्या कामावर स्वामित्वधन घेणे त्यांनी नाकारले. शिंदे सरकारांच्या ग्वाल्हेरला तिघरा धरणावर आणि पुढे म्हैसूरलाही हीच दारे बसली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून आलेल्या लोंढ्यात खडकवासल्याचे जुने धरणही फुटले. आज आपण पाहतो ते त्यानंतर पुन्हा उभे केलेले.

मुसी, कावेरी आणि महानदी

१९०८ च्या सुमारास त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या सर्वोच्च जागेवर हिंदी माणूस पोहोचणार नाही, हे उघड होते. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादेत मुसी नदीला प्रलयंकारी पूर आला आणि हजारो लोक दगावले. निजाम सरकारने त्यांना बोलावले. शहराच्या वरच्या अंगाला जलाशय बांधून पूर अडवावा, ही त्यांची सूचना. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्यातून झाले.

१९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९११ साली कावेरीवर कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. सिमेंटऐवजी चुना व विटांची भुकटी म्हणजे सुरखी वापरून बांधलेल्या या धरणात सुमारे ४९ टीएमसी पाणी मावते. खालच्या अंगाच्या मद्रास इलाख्याने हरकत घेतली, वाद लवादापर्यंत गेला आणि १९२४ साली करार झाला. धरणाच्या कालव्याने मंड्या भागात भात आणि ऊस आला, साखर कारखाना आला. नीरेवर जी गटवारी आणि पिकांची फेरपालट सुरू झाली, तिचाच धडा कावेरीच्या खोऱ्यात गिरवला गेला. तोच कालवा आज विश्वेश्वरय्या कालवा म्हणून ओळखला जातो.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर विद्यापीठ, बँक, भद्रावतीचा लोखंड कारखाना, अशी कामांची रीघ त्या सहा वर्षांत लागली. दिवाणपद त्यांनी ज्या कारणाने सोडले तेही सांगितले पाहिजे. नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजांना वाटा राखून ठेवावा, असे महाराजांच्या सरकारात ठरत होते आणि विश्वेश्वरय्यांना ते मान्य नव्हते. गुणवत्तेला धक्का बसेल असे त्यांचे मत होते. पाण्यात टेलच्या गावाचा हक्क ओळखणाऱ्या या माणसाला नोकऱ्यांत मागे राहिलेल्यांचा तसाच हक्क दिसला नाही. काळाने या बाबतीत महाराजांच्या बाजूने कौल दिला. थोरांचे स्मरण करताना हेही मोकळेपणाने मांडावे.

नंतरच्या आयुष्यातही नद्या सुटल्या नाहीत. १९३७ च्या सुमारास ओरिसाच्या पुरांचा अभ्यास करून त्यांनी महानदीवर जलाशय बांधण्याचा विचार मांडला. पुढे हिराकुड धरण झाले. नव्वदी ओलांडल्यावर बिहारमध्ये मोकामा येथे गंगेवर पूल कोठे व्हावा, याचा सल्ला देण्याचे काम त्यांनी स्वीकारले. तो राजेंद्र सेतू १९५९ साली खुला झाला. म्हणजे आपल्या काशीवरून वाहत जाणाऱ्या गंगेलाही या माणसाचा हात लागलेला आहे.

काशीशी नाते

काशीशी त्यांचे नाते एवढ्यावरच संपत नाही. १९१६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयाची स्थापना झाली तेव्हा पहिले कुलपती होते म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार आणि त्या वेळी त्यांचे दिवाण होते विश्वेश्वरय्या. पुढे या विश्वविद्यालयाने त्यांना मानद डी.लिट. दिली. येथील आयआयटीच्या एका वसतिगृहाला आजही त्यांचे नाव आहे. आपल्या मंडळातील कोणाचा मुलगा कदाचित त्याच वसतिगृहात राहिला असेल.

१९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९६० साली जन्मशताब्दीचे टपाल तिकीट निघाले, तेव्हा ते स्वतः हयात होते. एप्रिल १९६२ मध्ये त्यांनी देह ठेवला.

मागे काय राहिले

गटवारीचे पुढे काय झाले? एक तृतीयांश उसाची मर्यादा पाळणे कठीण गेले. ऊस पैसा देतो, कारखाना ऊस मागतो आणि कालव्याचे पाणी त्याच्याकडे ओढले जाते. नीरेच्या काठच्या कित्येक काळ्या जमिनी जादा पाण्याने पाणथळ व चोपण झाल्या. त्या जमिनींचा आणि उसाचा अभ्यास करण्यासाठी १९३२ साली नीरेच्याच खोऱ्यात पाडेगावला संशोधन केंद्र काढावे लागले. फड पद्धतही वरच्या अंगाला धरणे आणि विहिरी वाढल्यावर बऱ्याच ठिकाणी मोडली. कावेरीचा तंटा तर १९९० साली लवादाकडे आणि शेवटी २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत गेला. म्हणून त्यांची योजना चुकली असे म्हणता येत नाही. ज्या मर्यादेवर ती उभी होती ती मर्यादा आपण सैल केली.

आपण येथे गंगाकाठी राहतो तेव्हा पाण्याची टंचाई दूरची वाटते. पण गंगापलीकडे चंदौलीच्या भातशेतीला नारायणपूरच्या पंपांनी गंगेचे पाणी उचलून कालव्यात सोडावे लागते, आणि कालवा कोठलाही असो, वरच्या गावाने दार जास्त वेळ उघडे ठेवले की खालचे गाव वाट पाहत बसते. नदी कितीही मोठी असली तरी पाटातले पाणी मोजकेच असते. ते मोजावे, आधी सांगून ठरवावे, ठरलेले सर्वांना पाळायला लावावे आणि शेवटच्या शेतापर्यंत पोहोचले की नाही हे जाऊन पाहावे, एवढे साधे काम विश्वेश्वरय्यांनी नीरेच्या काठी केले. धरणाची भिंत लांबून दिसते. हे काम दिसत नाही, पण धरणाचा उपयोग त्यावरच अवलंबून असतो.

आपले मंडळही वर्गणीच्या पै-पैचा हिशेब ठेवते आणि प्रसाद शेवटच्या पंगतीपर्यंत पुरेल याची काळजी घेते. वाटप नीट झाले तरच उत्सव सर्वांचा होतो. पाण्याच्या बाबतीत हीच बुद्धी श्रीगजाननाने सर्वांना द्यावी, ही प्रार्थना, आणि सर विश्वेश्वरय्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

॥ गणपती बाप्पा मोरया ॥